सोमवारचा मसूर

माझं काम तारा शोधण्याचं नव्हतं.
माझं काम एक तारा हलू न देण्याचं.
नळीच्या टोकाशी, कोळ्याच्या दोन धाग्यांच्या फुलीवर
तो बसवायचा, आणि बसवून ठेवायचा
चार तास, कधी पाच,
पितळी चाक केसाइतकं फिरवत.
डोळ्यात तेल घालून म्हणतात, तसं.
तेल नव्हतं. गालात कोकाचं पान होतं
आणि मिस्तीवरून अरेकिपावर उतरणारी थंडी.

धागे आमच्याच स्वयंपाकघरातले.
आईला जाळी झाडायची बंदी होती.
"साहेबांच्या दुर्बिणीसाठी कोळी पाळते मी,"
ती बाजारात सांगायची,
"एकही पगारावर नाही."

जूनमधली रात्र. रविवार उलटून सोमवार लागलेला.
खाली रेल्वेच्या यार्डात कुणीतरी डबे जोडत होतं.
काच चार तास दहा मिनिटं आकाशाला उघडी राहिली.
तेवढ्यात मी एकदाच शिंकलो.
वहीत लिहिलं : शिंक, दोन वाजून वीस.

पहाटे काच धुतली.
ओल्या काचेवर आकाश उलटं उतरतं :
रात्र स्वच्छ, तारे काळे,
कुणी टाक झटकल्यासारखे.
डाव्या कोपऱ्यात, खाली,
एक ठिपका बाकीच्यांतला नव्हता.
लांबट, मधे फुगीर, कडांना निमुळता.
आधी मी स्वतःचा अंगठा पाहिला.
मग शिंक आठवली.

आई सुपात मसूर निवडत होती.
सोमवारी मसूर शिजवला की घरात पैसा येतो, असं आमच्याकडे.
पैसा नाही आला तरी मसूर असतोच.
मी काच उजेडाला धरली.
तिनं मान जराशी वर करून म्हटलं,
"हा एक राहिलाय निवडायचा."

साहेब म्हणाले, डाग.
काच लामाच्या लोकरीत गुंडाळून खेचरावर चढली,
मग आगगाडी, मोयेंदोचा धक्का,
एक समुद्र, दुसरा समुद्र.

अकरा महिन्यांनी पत्र.
उत्तरेतल्या कुठल्याशा खोलीत
ऑर्पा टिल्सन नावाची बाई तासावारी पगारावर काचा वाचायची.
तिनंही आधी रुमालानं पुसून पाहिलं होतं.
"पुसला जात नाही," तिनं लिहिलेलं,
"कृपया तीच जागा पुन्हा."

पुन्हा तीच जागा, तेच चाक.
या खेपेला श्वाससुद्धा जपून.
होता.

यादीत तो एका आकड्याखाली गेला :
अंधुक. भिंगाच्या आकाराचा. भुजा नाहीत.
शोधक म्हणून संचालकांचं नाव.
बाईंच्या हाती वाटाण्याच्या अक्षता.
माझ्या हाती, निदान, मसूर.

आता नात येते लिमाहून, ओफेलिया, पिशवीभर पुस्तकं घेऊन.
म्हणते, आजोबा, तो ढग नव्हता, अख्खी दीर्घिका होती.
सूर्यच सूर्य, आणि बहुतेक सगळे म्हातारे.
वायू कधीच सरला,
नवं कुणी जन्मत नाही म्हणायला हरकत नाही.
जळण संपलेल्या चुलीत निखारे असतात ना, तांबूस,
तसं.
लांबून एवढंच कळतं की उजेड आहे.

किती लांब, ते ती सांगते.
शून्यं ऐकताना मला सुपाचा आवाज येतो.
मी विचारतो, उजेड निघाला तेव्हा इथं काय होतं?
"मिस्ती नव्हता," ती म्हणते. थोडं थांबून,
"मसूरही नव्हता."

आणखी एक सांगते, हसत :
पहिल्या काचेच्या छापील चित्रात
सगळेच तारे केसभर ओढलेत, एका अंगाला.
का, ते कुणी लिहिलेलं नाही.
मी तिला वही दाखवत नाही.
उद्या सोमवार आहे.
दाखवीन, ती निवडायला बसली की.